एक हेलिकॉप्टर कमी पडलं? जिमी कार्टर आणि तेहरानचे ४४४ दिवस

जिमी कार्टर यांचा विषय निघाला की लोक त्यांच्या आयुष्याची सरळ दोन भागांत वाटणी करतात. व्हाइट हाउसमधली चार वर्षं फसलेली आणि नंतरची चार दशकं सोन्यासारखी. ही वाटणी मला कधीच पटली नाही. माणूस एकच होता. हातात घेतलेल्या कामाच्या मुळाशी जायचं, कागद न् कागद स्वतः वाचायचा, आणि मतांचं गणित बाजूला ठेवून जे योग्य वाटेल ते करायचं, हा त्यांचा पिंड. त्या पिंडानेच त्यांना सर्वांत मोठं यश दिलं आणि त्यानेच त्यांची खुर्ची घालवली. हे दाखवण्यासाठी त्यांच्या कारकिर्दीतलं एकच प्रकरण इथे घेतलं आहे, तेहरानच्या अमेरिकी वकिलातीत ओलीस धरलेल्या माणसांचं, ऑक्टोबर १९७९ ते जानेवारी १९८१ या काळातलं. त्याच्या अलीकडचं-पलीकडचं लागेल तेवढंच येईल.

पार्श्वभूमी

कार्टर जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स या छोट्याशा गावचे. जन्म १ ऑक्टोबर १९२४. नौदल अकादमीतून १९४६ साली बाहेर पडले, पाणबुडीवर काम केलं आणि अ‍ॅडमिरल रिकोव्हर यांच्या अणुपाणबुडीच्या कार्यक्रमात निवडले गेले. कॅनडातल्या चॉक रिव्हरच्या अणुभट्टीत डिसेंबर १९५२ मध्ये अपघात झाला, तेव्हा ती सुटी करायला गेलेल्या पथकांपैकी एकाचे ते प्रमुख होते. पुढच्याच वर्षी वडील गेले. नौदल सोडून ते गावी परतले आणि भुईमुगाच्या धंद्यात उतरले. पत्नी रोझलिन यांना हा निर्णय मुळीच पसंत नव्हता, पण पुढे धंद्याचे हिशेब त्यांनीच सांभाळले.

राजकारणात पहिला मोठा फटका बसला तो १९६६ साली, गव्हर्नरपदाच्या शर्यतीत. त्याच वर्षी त्यांच्या आई लिलियन, वयाच्या ६८व्या वर्षी, पीस कोअर या अमेरिकी सरकारी स्वयंसेवी योजनेच्या स्वयंसेविका म्हणून मुंबईत आल्या. विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत त्यांनी १९६८पर्यंत परिचारिकेचं काम केलं. मुलगा तिकडे हरलेला आणि आई इकडे विक्रोळीच्या दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा करतेय, हे चित्र मला महत्त्वाचं वाटतं. पद नसतानाही काम करता येतं, हे त्या घरात कुणाला शिकवावं लागलं नव्हतं.

कार्टर १९७०च्या निवडणुकीत गव्हर्नर झाले. शपथविधीच्या भाषणातच त्यांनी वांशिक भेदभावाचा काळ संपला असं बजावलं. दक्षिणेकडच्या राज्यात हे बोलायला धाडस लागत होतं. १९७६ साली ते राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकले, तीही काठावर: २९७ विरुद्ध २४० निर्वाचक मतं.

पहिल्या दोन वर्षांत हातून मोठी कामं झाली. पनामा कालवा पनामाला परत देण्याचे करार सिनेटमध्ये ६८ विरुद्ध ३२ मतांनी पार पडले. तिथे ६७ मतं लागत होती. आणि सप्टेंबर १९७८ मध्ये कॅम्प डेव्हिड. इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादात आणि इस्रायलचे पंतप्रधान बेगिन यांना त्यांनी मेरीलँडच्या डोंगरातल्या त्या विश्रामस्थळी १३ दिवस ठेवून घेतलं. दोघं समोरासमोर बसले की खटके उडायचे, म्हणून कार्टर स्वतः मसुदा हातात घेऊन एका कुटीतून दुसऱ्या कुटीत फिरत राहिले. शेवटच्या दिवशी सगळं फिसकटायच्या बेतात आलं होतं. बेगिन यांनी नातवंडांसाठी तिघांच्या फोटोंवर सह्या मागितल्या होत्या. कार्टर यांनी प्रत्येक फोटोवर एकेका नातवंडाचं नाव लिहिलं आणि ते फोटो स्वतः नेऊन दिले. बेगिन एकेक नाव मोठ्याने वाचू लागले आणि त्यांचा आवाज कापरा झाला. त्या दिवशी करार झाला. पुढे २६ मार्च १९७९ रोजी शांतता तहावर सह्या झाल्या. तो तह आजही टिकून आहे.

देशात मात्र महागाई चढत होती. १९७९च्या उन्हाळ्यात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. १५ जुलैला त्यांनी देशाच्या डळमळलेल्या आत्मविश्वासावर भाषण केलं. ते लोकांना सुरुवातीला भावलंही, पण दोनच दिवसांत त्यांनी सगळ्या मंत्र्यांचे राजीनामे मागवले आणि सरकारच कोसळतंय की काय असं वातावरण झालं. ऑगस्टमध्ये महागाई मोडून काढायला पॉल व्होल्कर यांना मध्यवर्ती बँकेवर आणलं. व्याजदर कडाडणार हे दिसत होतं, निवडणूक सव्वा वर्षावर होती, तरीही आणलं.

समस्या

इराणचा शहा, म्हणजे तिथला राजा, क्रांतीच्या रेट्याने जानेवारी १९७९ मध्ये देश सोडून गेला. वर्षभरापूर्वी, ३१ डिसेंबर १९७७च्या रात्री, कार्टर यांनीच तेहरानच्या मेजवानीत इराणला स्थैर्याचं बेट म्हटलं होतं. ते शब्द पुढे त्यांना फार जड गेले.

शहा देशोदेशी हिंडत मेक्सिकोत पोहोचला. त्याला अमेरिकेत घ्यावं म्हणून माजी परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर, बँकर डेव्हिड रॉकफेलर आणि सुरक्षा सल्लागार ब्रेझिन्स्की महिनोन्‌महिने मागे लागले होते. कार्टर नको म्हणत राहिले. मग ऑक्टोबरमध्ये कळलं की शहाला कर्करोग आहे आणि उपचार न्यूयॉर्कमध्ये व्हावेत असं सांगितलं जातंय. परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स तोवर विरोधात होते, तेही माणुसकीच्या मुद्द्यावर वळले.

या प्रकरणातला पहिला आणि माझ्या मते सर्वांत मोठा निर्णय इथे झाला. आपले सल्लागार एकमताने हो म्हणताहेत हे पाहून कार्टर यांनी त्यांना विचारलं, की उद्या इराण्यांनी तेहरानमधली आपली वकिलात ताब्यात घेऊन माणसं ओलीस धरली, तर मला काय सल्ला द्याल? कोणाकडेही उत्तर नव्हतं.

हा प्रश्न हवेतला नव्हता. १४ फेब्रुवारी १९७९ रोजी त्याच वकिलातीवर हल्ला झाला होता आणि काही तासांत तो मिटवला गेला होता. तेहरानमधले अमेरिकी अधिकारी सांगत होते की शहाला घेतलंत तर इथे धोका आहे. इराणी माणसाच्या मनात १९५३ ताजं होतं. तेव्हाही शहा देशाबाहेर पळाला होता, आणि अमेरिकेच्या गुप्तचर खात्याने पंतप्रधान मोसादेक यांचं सरकार पाडायला हातभार लावल्यावर काही दिवसांत गादीवर परत बसला होता. त्यामुळे शहा आजारी आहे, हे तेहरानच्या रस्त्यावर कोणी खरं मानणारच नव्हतं.

२२ ऑक्टोबर १९७९ रोजी शहा न्यूयॉर्कमध्ये उतरला. ४ नोव्हेंबरला विद्यार्थी वकिलातीच्या भिंतीवरून आत शिरले. सुरुवातीला ६६ जण हाती सापडले. काहींना पुढे सोडलं, ५२ शेवटपर्यंत अडकले. क्रांतीचे धर्मगुरू नेते खोमेनी यांनी विद्यार्थ्यांची पाठ थोपटली आणि दोनच दिवसांत पंतप्रधान बाझरगान यांचं नेमस्त सरकार पडलं. ज्याच्याशी बोलता आलं असतं असा माणूसच तिथे उरला नाही.

समोरचे पर्याय

शहाला परत पाठवणं हा एक पर्याय. तो कार्टर यांनी पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवला, कारण आजारी माणसाला मरायला धाडणं त्यांना शक्य नव्हतं. दुसरा, लष्करी दणका: बंदरांत सुरुंग पेरायचे किंवा तेलकेंद्रांवर बाँब टाकायचे. ब्रेझिन्स्की यांना देशाच्या अब्रूची काळजी होती आणि ते या बाजूला झुकत होते. पण बाँब पडले की ओलीस मारले जाणार, शिवाय इराण सोव्हिएत रशियाच्या बाजूला ढकलला जाणार. डिसेंबरअखेर रशियाचं सैन्य अफगाणिस्तानात उतरल्यावर ही भीती आणखी खरी वाटू लागली.

तिसरा पर्याय व्हान्स यांचा. धीर धरा, आर्थिक फास आवळा, मध्यस्थ शोधा. इराणला ओलिसांचा राजकीय उपयोग संपला की ते स्वतःच सोडतील, असं त्यांचं म्हणणं. चौथा पर्याय गुपचूप छापा घालून माणसं सोडवून आणण्याचा. तेहरान समुद्रापासून शेकडो मैल आत, वकिलात भर शहरात, त्यामुळे सुरुवातीला तो कोणी गंभीरपणे घेतला नाही.

काय केलं

कार्टर यांनी व्हान्स यांची वाट धरली. इराणी तेलाची आयात थांबवली, १४ नोव्हेंबरला अमेरिकी बँकांतली इराणची मालमत्ता गोठवली. पुढे सुटकेचं कुलूप याच किल्लीने उघडलं, म्हणून हा निर्णय मला सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा वाटतो.

त्याच्या जोडीला आणखी एक पाऊल पडलं, आणि ते त्यांना महागात गेलं. ओलीस सुटेपर्यंत आपण प्रचाराला बाहेर पडणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. पक्षाच्या उमेदवारीसाठी त्यांच्याविरुद्ध उतरलेले एडवर्ड केनेडी यांच्याशी आयोवात ठरलेली वादसभा रद्द केली. त्या डिसेंबरमध्ये व्हाइट हाउससमोरच्या राष्ट्रीय ख्रिसमस झाडावर फक्त शेंड्याचा तारा पेटवला, बाकीचे दिवे माणसं घरी येईपर्यंत बंद. लोकांना हे मनापासून भिडलं. महिन्याभरात त्यांची लोकप्रियता जवळपास दुपटीवर गेली. पण आता राष्ट्राध्यक्षाचं सगळं वजन त्या ५२ जणांवर टांगलेलं होतं आणि तेहरानला हे दिसत होतं. टीव्हीवर वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट रोज बातम्या संपवताना कैदेचा कितवा दिवस ते सांगायचे. दिवस वाढले तसा लोकांच्या सहानुभूतीचा वैताग झाला.

मार्चअखेर वाटाघाटींचा धागा पुन्हा एकदा तुटला. ७ एप्रिल १९८० रोजी इराणशी राजनैतिक संबंध तोडले. ११ एप्रिलला अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची बैठक झाली आणि छाप्याचा निर्णय झाला. व्हान्स तेव्हा सुट्टीवर फ्लोरिडात होते. परत आल्यावर ते हादरले. कार्टर यांनी पुन्हा बैठक बोलावून त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं, पण बाकी कोणी हललं नाही. मोहीम यशस्वी झाली तरी आपण राहणार नाही, असं सांगून व्हान्स यांनी आधीच राजीनामा देऊन ठेवला.

२४ एप्रिलच्या संध्याकाळी निमिट्झ या विमानवाहू जहाजावरून आठ हेलिकॉप्टर निघाली. इराणच्या वाळवंटातल्या एका ठिकाणी, त्याला ‘डेझर्ट वन’ असं सांकेतिक नाव होतं, ती मालवाहू विमानांना भेटून इंधन घेणार होती. पुढे जायला किमान सहा लागणार हे आधीच ठरलेलं. वाटेत एकाच्या पात्याबाबत धोक्याचा इशारा आला आणि ते सोडून द्यावं लागलं. मग हवेत लटकलेल्या बारीक धुळीचा प्रचंड ढग लागला आणि दुसरं त्यातून माघारी फिरलं. सहा पोहोचली. जमिनीवर तपासणीत सहाव्याची हायड्रॉलिक यंत्रणा निकामी निघाली. उरली पाच. जागेवरच्या अधिकाऱ्यांनी मोहीम थांबवण्याची शिफारस केली आणि कार्टर यांनी ती मानली. परत निघताना अंधारात, धुळीच्या लोटात एक हेलिकॉप्टर इंधन भरलेल्या विमानावर आदळलं. आठ जवान जळून गेले. त्यांचे मृतदेह तिथेच सोडून यावं लागलं.

सकाळी ७ वाजता कार्टर टीव्हीवर आले. मोहिमेचा निर्णय माझा, रद्द करण्याचाही माझा, जबाबदारी संपूर्ण माझी, असं त्यांनी सांगितलं. कोणावर ढकललं नाही. तिकडे इराणने ओलिसांना वेगवेगळ्या शहरांत पांगवलं, म्हणजे दुसरा छापा अशक्यच झाला. आणि काही दिवसांनी कार्टर प्रचाराला बाहेर पडले, सुटका अजून झाली नसताना.

निष्पत्ती

जुलैत शहा कैरोमध्ये मरण पावला. सप्टेंबरमध्ये इराकने इराणवर हल्ला केला आणि इराणला गोठलेल्या पैशांची गरज भासू लागली. अल्जीरियाच्या मध्यस्थीने बोलणी सुरू झाली. पण मतदानाचा दिवस होता ४ नोव्हेंबर १९८०, ओलीस धरल्याला बरोबर एक वर्ष पूर्ण झालं तो दिवस. टीव्हीवर आदले दिवस वर्षभराच्या आठवणी चालल्या होत्या. त्या वर्षाची सरासरी महागाई १३.५ टक्के होती, म्हणजे नुसतं तेहरान हे हरण्याचं कारण नव्हतं, पण सगळा वैताग त्या एका नावाभोवती गोळा झाला. रिपब्लिकन पक्षाचे रेगन यांना ४८९ निर्वाचक मतं मिळाली, कार्टर यांना ४९. पश्चिम किनाऱ्यावर मतदान चालू असतानाच त्यांनी पराभव मान्य केला, त्याचा तिकडच्या त्यांच्याच पक्षाच्या उमेदवारांना राग आला.

यापुढचे अडीच महिने मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतात. हरलेला माणूस हात झटकून मोकळा झाला असता तरी कोणी बोललं नसतं. कार्टर शेवटचे दोन दिवस आणि दोन रात्री ओव्हल ऑफिसमध्ये जवळजवळ न झोपता बसून राहिले. इराणच्या गोठवलेल्या पैशांपैकी सुमारे ८ अब्ज डॉलर बँक ऑफ इंग्लंडमधल्या खात्यात वळवायचे होते. १९ जानेवारीला करार झाला. २० तारखेच्या सकाळी तेहरानच्या धावपट्टीवर विमानं तयार उभी होती आणि हलत नव्हती. रेगन यांनी शपथ घेतली, आणि काही मिनिटांत ती उडाली. ४४४ दिवस भरले होते. ५२च्या ५२ जण जिवंत होते.

दुसऱ्या दिवशी कार्टर, आता माजी राष्ट्राध्यक्ष म्हणून, जर्मनीत वीसबाडेनच्या लष्करी रुग्णालयात त्यांना भेटायला गेले. सगळ्यांनीच प्रेमाने स्वागत केलं असं नाही. शहाला का घेतलंत, हा प्रश्न तिथेही त्यांना ऐकावा लागला.

वेगळं काय करता आलं असतं

ऑगस्ट २०१५ मध्ये, कर्करोगाचं निदान झाल्यावर घेतलेल्या पत्रकार परिषदेत त्यांना हाच प्रश्न विचारला गेला. आणखी एक हेलिकॉप्टर पाठवायला हवं होतं, असं ते म्हणाले. ओलीस सुटले असते आणि निवडणूकही जिंकलो असतो.

मला यात शंका आहे. सहावं हेलिकॉप्टर चालू असतं तर पथक तेहरानजवळ पोहोचलं असतं, एवढंच खात्रीने म्हणता येतं. वकिलातीची भिंत, शहरातली झटापट, ओलिसांना घेऊन बाहेर पडणं, हे सगळं पुढेच होतं. छापा घालणारे सैन्याच्या चार वेगवेगळ्या शाखांतले, सगळ्यांनी मिळून पूर्ण रंगीत तालीम कधी केलेली नव्हती. नंतरच्या चौकशीतही हे दोष पुढे आले, आणि त्यातूनच पुढे अमेरिकेने विशेष मोहिमांसाठी एकत्रित सेनाविभाग उभा केला.

माझ्या मते चूक एप्रिलमध्ये झाली नाही, ऑक्टोबरमध्ये झाली. प्रश्न अचूक विचारला होता आणि उत्तर न मिळताच सही झाली. शहाला घ्यायचंच होतं, तर आधी वकिलात मोजक्या माणसांवर आणता आली असती, किंवा शहाचे उपचार तो होता तिथेच, मेक्सिकोत, होऊ शकतात का याची स्वतंत्र डॉक्टरांकडून नीट खातरजमा करता आली असती. अणुभट्टीच्या बाबतीत ज्या माणसाने उत्तर मिळेपर्यंत पुढचा बोल्ट सोडला नसता, त्याने इथे सल्लागारांच्या एकमताला मान दिला.

दुसरी गोष्ट प्रचार थांबवण्याची. ती मनापासून होती, म्हणूनच तिला बोल लावणं जड जातं. पण ओलिसांची किंमत आपण जितकी जाहीर बोलून दाखवू तितकी समोरचा ती वाढवतो, हे बाजारातला कोणताही माणूस सांगेल. आणि व्हान्स नसताना निर्णयाची बैठक घ्यायला नको होती. विरोध करणारा एकच माणूस होता, त्याची खुर्ची त्या दिवशी तरी भरलेली हवी होती.

प्लेन्सला परतल्यावर

वय ५६. भुईमुगाचा धंदा विश्वस्तांकडे सोपवला होता, तो सुमारे १० लाख डॉलर कर्जात निघाला. गोदाम विकून ते फेडलं. एका रात्री ते झोपेतून उठून बसले आणि रोझलिन यांना म्हणाले की भांडणारे लोक येऊन बोलतील अशी एक जागा काढू, कॅम्प डेव्हिडसारखी. त्यातून १९८२ मध्ये अटलांटात एमरी विद्यापीठाच्या साथीने कार्टर सेंटर उभं राहिलं. पुढे उत्तर कोरिया, हैती, कितीतरी देशांतल्या निवडणुकांवर देखरेख, आणि २००२चं शांततेचं नोबेल. २००६ साली लोणावळ्याजवळ १०० घरं बांधायच्या उपक्रमात ८२ वर्षांचे कार्टर आणि रोझलिन स्वतः हातात अवजारं घेऊन उभे होते.

मला मात्र त्यांचं सगळ्यांत मोठं काम नारूचं वाटतं. आपल्याकडच्या जुन्या माणसांना हा शब्द माहीत आहे. पाण्यातून अंगात शिरणाऱ्या कृमीचा हा रोग. पायऱ्यांच्या विहिरीतलं, बारवेतलं पाणी प्यायचं, वर्षभराने पायातून मीटरभरापर्यंत लांब पांढरा दोरा बाहेर येऊ लागायचा. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा, मध्येच तुटला तर पाय सडायचा. औषध नाही, लस नाही. पाणी फडक्यातून गाळून पिणं हाच उपाय. भारताने तो स्वतःच्या मोहिमेने संपवला, शेवटचा रुग्ण १९९६ मधला आणि प्रमाणपत्र २००० सालचं. आफ्रिकेत कार्टर सेंटरने १९८६ मध्ये काम हाती घेतलं तेव्हा जगात अंदाजे ३५ लाख लोकांना दरवर्षी नारू होत होता. कार्टर खेड्यापाड्यांत जाऊन फडकी वाटत, प्रमुखांशी बोलत. १९९५ मध्ये सुदानच्या यादवीत त्यांनी दोन्ही बाजूंना जवळपास सहा महिने शस्त्रं खाली ठेवायला लावली, ती आरोग्यसेवकांना नारूच्या गावांपर्यंत पोहोचता यावं म्हणून. तेरा दिवस कुटीकुटीत फिरणारा माणूस तोच होता. फरक एवढाच की इथे त्याला घाई करायला लावणारी निवडणूक नव्हती.

त्याच २०१५च्या पत्रकार परिषदेत ते म्हणाले होते की शेवटचा नारू माझ्याआधी मरावा. ते २९ डिसेंबर २०२४ रोजी, वयाच्या शंभराव्या वर्षी, प्लेन्सच्या घरी गेले. चाडमध्ये आता कुत्र्यांनाही नारू होतो, त्यामुळे शेवटचा टप्पा लांबला आहे. त्या वर्षी जगभरात १५ माणसांना नारू झाला.